पेटी घ्यायची तर सगळी

आमच्या व्याह्यांसारखा दुसरा माणूस जबलपुरात नाही, आणि नाही तेच बरं आहे. दुसरा असता तर या शहरात माणसांना राहायला जागा उरली नसती, सगळीकडे पेट्याच असत्या. हे गृहस्थ दुसऱ्यांच्या घरातली गाणी विकत घेतात. एखाददुसरी रेकॉर्ड नाही, घरात असतील नसतील तेवढी सगळी. कोणाचे वडील गेले, कोणाचा मुलगा आईबापाला बंगलोरला घेऊन चालला, कोणाच्या सुनेला माळा रिकामा करायचा आहे, अशी बातमी दुपारी सराफ्यात निघाली तर संध्याकाळी यांचा टेम्पो त्या दारात उभा. मग त्या जुन्या काळ्या रेकॉर्डी असोत, कॅसेटी असोत, आरशासारख्या चकत्या असोत, वाकलेल्या असोत, बुरशी आलेल्या असोत, ते झाकण उघडूनही बघत नाहीत. "पेटी घ्यायची तर सगळी," म्हणतात आणि उचलायला लागतात. मला गाण्यातलं काही कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि शाळेत सकाळी एक प्रार्थना म्हणत असू, तेवढंच माझं गाणं. तरी मी लिहायला बसले, कारण ज्यांना गाण्यातलं कळतं ते आमच्या व्याह्यांना वेडा म्हणतात. ते खरं नाही.

दिसायला माणूस उंच, सुकलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि कान जरा जास्तच मोठे. हातात कायम एक कापडी पिशवी, आणि तिच्यात रेकॉर्डी वाजवायचं छोटं यंत्र. दुसरे लोक डबा घेऊन निघतात तसे हे यंत्र घेऊन निघतात. रेकॉर्डी पुसायला त्यांच्या बायकोची एक जुनी मलमलची साडी होती, तिचे तुकडे करून ठेवलेले. बायको गेल्यावर त्या तुकड्यांचेही आणखी लहान तुकडे केले, पुरावेत म्हणून. नोकरी त्यांनी फॅक्टरीत केली. जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की कोणती म्हणून कोणी विचारत नाही, तोफा-दारूगोळ्याची सरकारी फॅक्टरीच. तिथे ते तपासणीच्या खात्यात होते. टेबलावर माल यायचा, हे मापायचे, बरोबर असेल तो उजवीकडे, नसेल तो डावीकडे. जन्मभर एवढंच काम. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागेल.

त्यांची माझी ओळख मुलगी दाखवण्याच्या दिवशी झाली. माझी मुलगी बोलताना अडखळते. माझ्या सासऱ्यांनी तिचं नाव प्रतिभा ठेवलं, आणि नेमकं तेच नाव तिच्या तोंडातून एका दमात बाहेर येत नाही. बाकी मुलगी चांगली आहे. बी.कॉम. झाली आहे, पोळ्या माझ्यापेक्षा बऱ्या करते. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. एका घरच्यांनी "मुलगी पसंत आहे, पण" म्हटलं आणि दुसऱ्यांनी त्या "पण"च्या बदल्यात स्कूटर मागितली. म्हणून या तिसऱ्यांना मी आधीच निरोप पाठवला होता, मुलगी अडखळते, चालत असेल तर या, उगाच माझे पोहे वाया घालवू नका.

तरी आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून व्याह्यांना आम्ही चादर घातलेल्या ट्रंकेवर बसवलं. त्यांनी मुलीला नाव विचारलं. ती "प्र"वर अडकली. असं झालं की आमच्या घरात सगळे मदतीला धावतात. माझा भाऊ तोंड उघडून तिचं नाव सांगणार, तेवढ्यात यांनी हात वर केला, चौकातला पोलीस करतो तसा. भाऊ उघड्या तोंडानं थांबला. कोणी चमचासुद्धा वाजवला नाही. मुलीनं सावकाश, आपलं आपण नाव पूर्ण केलं. यांनी मान डोलावली, पोह्यांचा घास घेतला आणि मला म्हणाले, "अच्छा. आता हे सांगा विहीणबाई, मी ज्याच्यावर बसून राहिलो, त्याच्यात काय आहे?"

अजून काही ठरलं नव्हतं आणि यांनी मला विहीणबाई करून टाकलं होतं. मी म्हटलं, "सासऱ्यांच्या रेकॉर्डी. ते गेल्यापासून कोणी उघडलं नाही. आम्ही बसायला वापरतो."

कोणाच्या तरी मांडीवर बसलो होतो असं कळल्यासारखे ते ताडकन उठले. उरलेले पोहे त्यांनी उभ्यानं खाल्ले.

दोन दिवसांनी एकटेच आले. म्हणाले, मुलगी पसंत आहे, मुलालाही पसंत आहे, देणंघेणं काही नको, फक्त ती ट्रंक द्या, तिची काय किंमत होईल ती मी देतो. मी म्हटलं, "किमतीचं राहू द्या. आधी उघडून बघा, त्यातल्या चांगल्या तेवढ्या घ्या. काही फुटल्या असतील." हे ऐकून त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "निवडायचं नाही, विहीणबाई. दिवसभर फॅक्टरीत तेच करून राहिलो, हे चालेल, हे नाही चालणार. घरी येऊन पुन्हा तेच काहून करू? पेटी घ्यायची तर सगळी. फुटलेल्यासुद्धा." मुलीबद्दल त्यांनी पुन्हा एक प्रश्न विचारला नाही. मी आत जाऊन गूळ आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

कोणाच्याही घरून पेटी नेताना त्यांचा एक रिवाज असतो. त्याला ते पाठवणी म्हणतात. घरातल्या मोठ्या बाईनं झाकणाला हळदकुंकू लावायचं, आणि घरच्यांनी पेटीतलं एक काहीतरी निवडून त्यांच्या यंत्रावर लावायचं. "या घरात हे शेवटचं वाजणं आहे, तुम्ही सांगा. मी नाही निवडणार," म्हणून ते डोळे मिटून बसतात. सराफ्यात एका सोनाराच्या घरी तीन भावांचं यावरून भांडण झालं. दुकानाची वाटणी त्यांनी चहा पिता पिता केली होती, पण वडिलांची शेवटची रेकॉर्ड कोणती, यावर दुपार निघून गेली. कोणी भांडलं की हे मध्ये पडत नाहीत. बसून राहतात. शेवटी कंटाळून भावांनी आपापली एकेक लावली आणि म्हणे तिसरी वाजेपर्यंत तिघेही एका सतरंजीवर बसले होते. आमच्याकडे लग्नात मुलीची आणि ट्रंकेची पाठवणी एकदमच झाली. मी मुलीला कुंकू लावलं, मग वाकून ट्रंकेला लावलं. माझा भाऊ म्हणाला, "ताई, तुला दोन मुली होत्या हे आजच कळून राहिलं." आणि व्याह्यांची बायको, फार चांगली बाई, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमची एक सुटली बाई. माझ्याकडे आणखी एक आली."

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या घरात पेट्या कशा होत्या सांगते. पाहुण्याला "बसा" म्हणत नसत, "सोनारांजवळ बसा" किंवा "दरोगाजींना टेकू नका, झाकण कमजोर आहे" असं म्हणत. पेटी ज्याची, त्याचंच नाव तिला. पेटीतली रांगही मूळ मालकानं लावलेली तीच ठेवायची. ते म्हणतात, माणूस कशानंतर काय ऐकत होता हे त्याच्याबद्दल शेजाऱ्यापेक्षा जास्त सांगतं. ओमतीला राहणारे एक रिटायर झालेले दरोगाजी, म्हणजे फौजदार, होते, त्यांच्या मिशीला सगळी गल्ली घाबरायची. त्यांची पेटी आली तर आत सगळी अंगाईगीतं. आमचे व्याही ती ऐकून मला म्हणाले, "मी उगाच त्यांना इतकी वर्षं लांबून नमस्कार करून राहिलो होतो. जवळ जायला पाहिजे होतं."

आणि विकत घेतलेलं सगळं ऐकायचं, हा दुसरा नियम. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न सोडता. इथून जवळच्या पाटन गावच्या एका वकिलांचा माल त्यांनी असाच न बघता उचलला. कॅसेटींचं पोतं. घरी येऊन बघतात तर निम्मी प्रवचनं, उरलेल्यांत इंग्रजी शिकवायचा कोर्स आणि थोड्या कोऱ्या. दुसऱ्यानं कपाळ बडवून घेतलं असतं. यांनी त्या हिवाळ्यात आधी प्रवचनं ऐकली, मग कोर्स लावला. जबलपुरात हिवाळा म्हणजे मटार. मटारही ते दोन किलो घेत नाहीत, ठेल्यावर असेल तेवढा घेतात, कारण निवडून घेतला तर विकणाऱ्या बाईकडे पोचट शेंगा राहतात. तर घरात सगळे मटार सोलत बसलेले आणि टेपमधला साहेब सगळ्यांना रोज त्यांची तब्येत विचारतो आहे. माझी मुलगी मला सांगायची, दूधवाला दारात थांबून ऐकतो आणि जाताना "थँक यू व्हेरी मच, बाबूजी" म्हणतो. मुलीला मात्र त्या कोर्साचा उपयोग झाला. तो साहेब एक वाक्य सांगतो आणि तुम्ही म्हणेपर्यंत गप्प बसतो. सासऱ्यांना ती बाबा म्हणते. म्हणाली, "आई, ब-बाबांसारखाच आहे, थांबतो."

कोर्स संपला तेव्हा कोऱ्या कॅसेटी लावल्या. मी त्या दिवशी तिथेच होते. व्याही खुर्चीत ताठ बसलेले, टेप फिरतो आहे, आवाज काही नाही, नुसती सरसर. मी म्हटलं, "अहो, कोरी आहे ती."

"हो."

"मग काय ऐकता?"

"पूर्ण होऊ द्या. आत्ताच कसं म्हणू, काही नाही म्हणून?"

त्यांनी एकामागून एक सगळ्या कोऱ्या कॅसेटी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. आणि शेवटच्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी संपत आल्यावर, घड्याळाचे तीन ठोके पडले, कुकरची एक शिट्टी आली आणि एक बाई म्हणाली, "अजी सुनते हो, वो चालू रह गया है." मग खट्ट, बंद. व्याह्यांना जो आनंद झाला, तो नातू झाला तेव्हाही मी बघितला नव्हता. महिनाभर भेटेल त्याला ते सांगत होते की पाटनच्या वकिलांकडे दुपारी उशिरा जेवत.

असा हा माणूस. सत्तरी ओलांडली, बायको गेली, गुडघे गेले, तरी पेट्या येतच होत्या. गेल्या वर्षी जावयाची बदली पुण्याला झाली. बँकेची नोकरी, जावं लागलं, मुलगी-जावई पुढे गेले. व्याह्यांना इथे एकटं ठेवायचं नाही असं मुलीनं ठरवलं, आणि ते बरोबर होतं. त्यांचं घर भाड्याचं, मालकाला तिथे दुकानं काढायची होती, तोही घाई करत होता. पुण्यातलं घर सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे व्याही मावतील, पेट्या मावणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी त्यांना सांगत नव्हतं. ते त्यांनीच एक दिवस सांगितलं आणि गिऱ्हाईक शोधायला लागले. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या सगळ्याच्या सगळ्या घेतल्या, आता आपल्या घेणारा असाच कोणी पाहिजे, एवढी एकच अट. एका कॉलेजात विचारलं, ते म्हणाले आता सगळं मोबाइलवर असतं. ओळखीच्यांनी दोन-चार रेकॉर्डी भिंतीवर लावायला मागितल्या. यांनी दिल्या नाहीत. आणि मुलीचा मला फोन, "आई, बाबा ज-जेवत नाहीयेत असं शेजारच्या दीदी म्हणत होत्या. तू ज-जा."

मी डबा घेऊन गेले तर दिल्लीचा एक व्यापारी आलेला होता. आजकाल म्हणे रेकॉर्डींची पुन्हा फॅशन आली आहे. चाळिशीचा माणूस, डोक्यामागे केसांची गाठ, हातात पांढरे मोजे. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. रेकॉर्ड हातात धरायची त्याची रीत चांगली होती आणि त्याला सगळं कळत होतं. तो एकेक काढायचा, उजेडात धरायचा, आणि ठेवायचा. काही उजवीकडे, बाकीच्या डावीकडे. उजवीकडे बोटभर जाडीची चवड झाली आणि डावीकडे ढीग. आमचे व्याही ते दोन ढीग बघत उभे होते. जन्मभर त्या टेबलाच्या ज्या बाजूला ते होते, त्याच्या दुसऱ्या बाजूला आता आले होते.

"अंकलजी, इतना मैं ले लूँगा, अच्छा दाम दूँगा. बाकी कबाड़ी को दे दीजिए."

"बेटा," व्याही म्हणाले, "पूरा ले जाओ, या चाय पीके जाओ."

तो हसला. "अंकलजी, ये इंग्लिश बोलने वाला कोर्स मैं क्या करूँगा?"

"सुनना."

त्यानं चहा पिऊन घेतला आणि गेला. चहा मीच केला होता. व्याह्यांनी खाली बसून उजवीकडची चवड उचलली आणि एकेक रेकॉर्ड जिथून निघाली होती तिथे परत घातली. चुकली एकही नाही.

मी डबा उघडून पुढे ठेवला. "जेवा."

"परवा कबाडी येऊन राहिला आहे, विहीणबाई. तो एक सगळं घेतो. वजनावर."

"जेवा आधी."

"सोनार, दरोगाजी, वकीलसाहेब. सगळे मी घरून उचलून आणले, हळदकुंकू लावून. त्यांच्या घरच्यांना मी सगळी सांभाळीन म्हणून सांगितलं होतं."

मी म्हटलं, "माझ्याकडे पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तिथे आणा."

ते म्हणाले, "तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर म्हणते. कळणारे निवडत बसतात."

"सगळ्या पेट्या?"

"मी आणखी काय म्हणून राहिले? आता जेवता, की डबा घरी नेऊ?"

जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, भाजीला मीठ कमी आहे असंही म्हणाले. तेव्हा मला कळलं की माणूस ठीक आहे.

टेम्पो आला त्या दिवशी एक अडचण झाली. पाठवणीत घरच्यांनी एक रेकॉर्ड निवडायची असते, आणि आता घरचे म्हणजे हेच. मी हळदकुंकू लावून घेतलं, देणाऱ्या घरची मोठी बाई मीच आणि घेणाऱ्या घरचीही मीच. यंत्र मांडलं. व्याही उठले, सोनारांकडे गेले, दरोगाजींकडे गेले, हात पुढे केला, मागे घेतला. "नाही जमत, विहीणबाई. एक घेतली तर बाकीच्यांना काय वाटेल?" बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी मोबाइलवर पुण्याला मुलीला लावलं, तोंड दिसतं तसं, आणि म्हटलं, "तूच सांग बाई, कोणती लावू. तूही या घरचीच."

ती सांगायला लागली आणि "प"वर अडकली. टेम्पोवाला आत येऊन "बाबूजी, कितना टाइम" म्हणणार, तर व्याह्यांनी हात वर केला. तो दारात थांबला. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत उभे. मला खरं तर शब्द कळला होता, पण मी गप्प बसले. त्यांच्या संगतीत एवढं मीही शिकले आहे.

"प-पहिली," ती म्हणाली. "आपल्या ट्रंकेतली."

तीच लावली. कोण गात होतं मला माहीत नाही. बाई होती. मध्ये एके ठिकाणी सुई अडकली आणि तेच तेच वाजायला लागलं. कोणी धक्का दिला नाही. जरा वेळानं ती आपणच पुढे गेली.

आता पेट्या माझ्याकडे आहेत. ट्रंक तिच्या जुन्या जागी ठेवायला गेले तर फरशीवर तिच्या तळाचे गंजाचे डाग अजून होते, इतक्या वर्षांच्या पुसण्यानं गेले नव्हते. त्यावरच ठेवली. तिच्यावर कोणाला बसू देत नाही. पण नियम नियम असतो, आणलं ते ऐकावं लागतं. टेप कसा लावायचा ते व्याही पुण्याला जाताना शिकवून गेले. मी भाजी निवडता निवडता ऐकते. भाजी निवडलेली त्यांना चालते, मी विचारून घेतलं आहे. दरोगाजींच्या अंगाई ऐकताना मला झोप लागते, ती त्या गाण्यांची करामत की माझ्या वयाची, सांगता येत नाही.

रविवारी दुपारी पुण्याहून फोन येतो. ते तब्येत विचारत नाहीत, मीही विचारत नाही.

"आज कोण चालू आहे, विहीणबाई?"

"पाटनचे वकील."

"कोर्स?"

"कोर्स झाला. प्रवचनंही झाली. कोरी चालू आहे."

"कितवी?"

"शेवटची."

"दुसरी बाजू लागली?"

"आत्ताच लावली."

मग फोन टेपजवळ ठेवते. ते तिकडे सातव्या मजल्यावर गप्प, मी इकडे गप्प, आणि मध्ये ती नुसती सरसर. कुकरची शिट्टी व्हायला अजून बराच वेळ असतो. मला दुसरी कामं असतात, गॅसवर दूध असतं. पण मी काही बोलत नाही, आणि फोनही बंद करत नाही.